हार्ड डिस्कचे इशारे : कसे वाचावेत आणि डिस्क केव्हा बदलावी

शाळेचे जनरल रजिस्टर हा कायमस्वरूपी जतन करावयाचा अभिलेख आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक यांची नोंद त्यात असते. त्या नोंदीवरून दाखला निघतो, जातीचे प्रमाणपत्र मिळते आणि पुढे पडताळणी समितीसमोर तोच उतारा ठेवावा लागतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे पणजोबांच्या गावातील प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ आज पणतीच्या अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशाचा आधार ठरते.

असे उतारे, वसतिगृहाची जुनी छायाचित्रे, निवृत्त शिक्षकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, शिष्यवृत्तीच्या याद्या हे सारे आता लोखंडी कपाटात कमी आणि संगणकात अधिक राहू लागले आहे. कागद जीर्ण होऊ लागला म्हणून आपण त्याचे स्कॅनिंग करतो आणि फाइल तयार झाली की निर्धास्त होतो. परंतु ती फाइल ज्या वस्तूवर राहते, ती हार्ड डिस्क चांगल्या कागदाइतकी दीर्घायुषी नसते. पाच-सात वर्षे सुरळीत चाललेली डिस्क म्हातारी समजावी. मग एके दिवशी संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असे शब्द उमटतात. पुष्कळ जण एखादी कळ दाबून पुढे जातात, कारण संगणक त्यानंतरही चालू होतो.

त्या सूचनेचा अर्थ काय, तिच्यावर कितपत विसंबावे आणि डिस्क बदलण्याचा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, तंत्रज्ञ नव्हे. पण पुरावा कसा टिकतो आणि कसा नष्ट होतो, हा आमच्याही विषयाचा प्रश्न आहे.

डिस्कच्या आत काय घडते

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जगापुढे मांडली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या अवजड यंत्रात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर मावतो. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी याच मापाने हजारो नॅनोमीटर भरते. एवढ्या निकट अंतरावर एखादा धक्का, धुळीचा एखादा कण किंवा लेपातील एखादी उणीवही पुरेशी ठरते.

तबकडीवरील मजकूर 'सेक्टर' नावाच्या लहान लहान खणांत विभागलेला असतो. एका सेक्टरमध्ये ५१२ किंवा ४,०९६ बाइट मावतात. डिस्क बनवितानाच काही सेक्टर राखीव ठेवलेले असतात. एखादा सेक्टर खराब झाला, तर डिस्क त्याची जागा राखीव सेक्टरला देते आणि आपल्याला काही न कळविता काम पुढे चालू ठेवते. म्हणजे डिस्क आपली किरकोळ दुखणी स्वतःच सावरत असते. प्रश्न निर्माण होतो तो ही सावरासावर वाढू लागली की.

स्वतःची नोंदवही ठेवणारे यंत्र

या सावरासावरीची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. १९९५ च्या सुमारास कॉम्पॅक कंपनीने डिस्कच्या निर्मात्यांना सोबत घेऊन एक सामाईक पद्धत पुढे आणली आणि तीच 'स्मार्ट' या नावाने रूढ झाली. 'सेल्फ-मॉनिटरिंग, ॲनालिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी' या शब्दांची ती आद्याक्षरे होत. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, तिचे तापमान किती, किती सेक्टर बदलावे लागले, किती वाचता आले नाहीत, अशा अनेक बाबींचे आकडे तिच्यात साठत जातात.

विंडोज संगणकावर हे आकडे पाहण्यासाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा विनामूल्य प्रोग्राम सोयीचा आहे. लिनक्सवर 'स्मार्टमॉनटूल्स' हा संच वापरतात. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडताच डिस्कची प्रकृती निळ्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दिसते. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. केवळ रंग पाहून खिडकी बंद करू नये. खाली आकड्यांचा तक्ता असतो आणि खरा मजकूर तेथे असतो.

तक्त्यातील प्रत्येक बाबीसमोर दोन प्रकारचे आकडे असतात. पहिला प्रकार गुणांचा. तो बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होतो आणि प्रकृती बिघडत जाईल तसा खाली येतो. निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेखाली तो घसरला, की डिस्क स्वतःला 'नापास' घोषित करते. ही मर्यादा बऱ्याचदा इतकी खाली ठेवलेली असते, की नापास होण्याच्या आधीच डिस्क बंद पडू शकते. म्हणून 'पास' या शेऱ्याला फार महत्त्व देता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे 'रॉ व्हॅल्यूज' या स्तंभातील प्रत्यक्ष मोजणी. निर्णयासाठी ती अधिक उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी हवी. क्रिस्टलडिस्कइन्फो ही मोजणी सोळाच्या अंकपद्धतीत दाखवितो. पडद्यावर १० दिसले तर ती संख्या १६ असते आणि ६४ दिसले तर १०० असते. 'फंक्शन' या मेनूतील 'ॲडव्हान्स्ड फीचर' मध्ये जाऊन 'रॉ व्हॅल्यूज' दशमान पद्धतीवर आणता येतात. ते आधी करून घ्यावे.

कोणते आकडे पाहावेत

तक्त्यात वीसेक बाबी असल्या, तरी आपल्याला चार-पाचच पुरतात.

०५ क्रमांकाची बाब बदललेल्या सेक्टरांची असते. राखीव जागेतून किती सेक्टर वापरावे लागले, हे ती सांगते. निरोगी डिस्कमध्ये ती शून्य असते.

सी५, म्हणजेच १९७ क्रमांकाची बाब, निर्णय न झालेल्या सेक्टरांची असते. हे सेक्टर वाचताना अडचण आली, पण ते अद्याप बदलले गेलेले नाहीत. त्यांतील मजकूर आत्ता या क्षणी धोक्यात आहे, म्हणून आमच्या मते हा सर्वांत निकडीचा आकडा आहे. पुढे त्या सेक्टरवर नवे लेखन झाले, की तो एकतर सुधारतो किंवा बदलला जातो आणि ही संख्या कमी होते. संख्या कमी झाली म्हणजे आतील जुना मजकूर वाचला असे मात्र होत नाही.

सी६ किंवा १९८ ही बाब कितीही प्रयत्न करून वाचता न आलेल्या सेक्टरांची आणि बीबी किंवा १८७ ही दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांची असते. या दोन्ही शून्य असाव्यात.

सी७ किंवा १९९ या बाबीचा अर्थ निराळा आहे. डिस्क आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाणीत झालेल्या चुका ती मोजते. दोष बहुधा तारेत किंवा जोडणीत असतो. ही संख्या वाढत असेल, तर आधी तार बदलावी आणि दोन्ही टोके नीट बसवावीत. जुनी संख्या परत शून्यावर येत नाही, पण तिची वाढ थांबली की दुखणे बरे झाले असे समजावे. एका स्वस्त तारेपायी चांगली डिस्क टाकून देण्याचे कारण नाही.

काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या बाबींसमोर कोट्यवधींच्या संख्या दिसतात. एकाच आकड्यात चुकांची आणि एकूण कामाची मोजणी गुंफलेली असल्यामुळे त्या तशा दिसतात. त्यांना पाहून घाबरू नये.

शेवटची बाब ०९, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला २२० दिवसांचे काम ठरविले आहे. रोज आठ तास धरले, तर कार्यालयातील संगणकाचे वर्षाला १,७६० तास होतात आणि १०,००० तासांना साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागतो. सीसीटीव्हीची डिस्क मात्र अहोरात्र चालते. वर्षाचे ८,७६० तास धरता तेवढेच तास ती चौदा महिन्यांच्या आत ओलांडते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी विकत घेतल्या असल्या, तरी त्यांचे वय सारखे नसते.

थांबलेली खूण आणि वाढती खूण

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. अशा दफ्तरात काम करणारा जाणकार रुमाल सोडताच कागदाची प्रकृती ओळखतो. पानाला छिद्रे दिसली, म्हणून तो लगेच हवालदिल होत नाही. छिद्राभोवती ताजा भुसा आहे काय, हे तो पाहतो. भुसा नसेल, तर कीड जुनी असून केव्हाच संपली आहे. ताजा भुसा असेल, तर कीड जिवंत आहे आणि शेजारचा कागदही धोक्यात आहे.

डिस्कचे आकडे याच दृष्टीने वाचावेत. समजा, ०५ समोर ८ ही संख्या आहे, सी५ शून्य आहे, आणि एका आठवड्याने, मग एका महिन्यानेही ती ८ च राहिली. ही थांबलेली खूण होय. अशी डिस्क दुय्यम कामासाठी काही काळ वापरता येईल. तीच संख्या आठवड्याने २४ आणि पुढच्या आठवड्यात ११२ झाली, तर कीड जिवंत आहे. मग डिस्क कितीही नवी असो आणि संगणक कितीही सुरळीत चालत असो, ती बदललीच पाहिजे.

यासाठी एकदा पाहिलेला आकडा पुरत नाही, मागचा आकडा लिहून ठेवलेला असावा लागतो. तारीख, डिस्कचा अनुक्रमांक, चालू तास आणि ०५, सी५, सी६, सी७ यांच्या संख्या एवढ्या रकान्यांची एक साधी वही पुरेशी आहे. ती कागदाचीच असावी, कारण डिस्कच्या आजारपणाची नोंद त्याच डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही.

आकडेवारी काय सांगते

इशाऱ्यांवर किती विसंबावे, याचे उत्तर मोठ्या संख्येच्या निरीक्षणातूनच मिळू शकते. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कच्या तपासणीत पहिली वाचनचूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असे त्यांना दिसले. सेक्टर बदलल्याच्या पहिल्या नोंदीनंतरही धोका अनेक पटींनी वाढतो. तरीही अशी नोंद झालेल्या बहुसंख्य डिस्क पुढे कित्येक महिने चालत राहिल्या. म्हणजे इशारा खरा असतो, पण तो मृत्यूची तारीख सांगत नाही.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही उमटलेला नव्हता. बॅकब्लेझ या कंपनीने २०१६ साली पाच निवडक बाबींचा हिशेब दिला. तिच्या निकामी डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये त्यांतील किमान एक बाब शून्याहून अधिक होती. सुस्थितीतील डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होते. दोन्ही अभ्यासांतील टक्केवारी वेगळी असली, तरी काही डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता जातात, हे दोन्हींतून सारखेच सिद्ध होते.

याच कंपनीच्या अडीच लाखांहून अधिक डिस्कपैकी २०२३ मध्ये निकामी होण्याचे वार्षिक प्रमाण १.४० टक्के होते. हा आकडा लहान वाटतो. परंतु २० संगणकांची प्रयोगशाळा पाच वर्षे चालवायची म्हटली, तर याच दराने त्या काळात एक-दोन डिस्क जाणार, असे धरून चालावे लागते. वातानुकूलित आणि अखंड विजेच्या केंद्रातील हा दर आहे. पनवेलचा उन्हाळा, पावसाळ्यातील दमट हवा आणि अचानक जाणारी वीज यांत आपल्या डिस्क याहून अधिक त्रास सोसतात.

आपल्या पनवेलमध्येच २०२० साली योटा कंपनीचे ७,२०० रॅकच्या क्षमतेचे डेटा सेंटर सुरू झाले. अशा अवाढव्य केंद्रांच्या जगात डिस्क निकामी होणे ही नित्याची बाब मानली जाते. तेथे तिचा बाऊ होत नाही, कारण एकाच डिस्कवर मजकूर ठेवावयाचा नाही, हे गृहीत धरूनच तेथील रचना उभी राहते. आपल्या घरी आणि शाळेत पैसा कमी असेल, पण हा विचार स्वीकारायला पैसा लागत नाही.

इशारा मिळाल्यावर काय करावे

आमच्या माहितीतील एका कुटुंबात मे महिन्यात लॅपटॉपवर असा इशारा आला. मुलीच्या प्रवेशाची धावपळ होती आणि लॅपटॉप चालत होता, म्हणून 'नंतर पाहू' असे ठरले. जूनमध्ये तो सुरूच होईना. त्यात पणजोबांच्या शाळेच्या उताऱ्याचे स्कॅन होते आणि गावच्या शाळेतील मूळ रजिस्टराचे ते पान दरम्यान फाटून गेले होते. चुलत्यांच्या घरी, चुलतभावाच्या पडताळणीच्या वेळी काढलेली साक्षांकित झेरॉक्स निघाली, म्हणून प्रकरण मार्गी लागले. त्या कुटुंबाला तारले ते दुसऱ्या घरातील दुसऱ्या प्रतीने.

म्हणून इशारा मिळताच पहिले काम प्रत काढण्याचे. आधी जे इतरत्र कोठेही नाही ते घ्यावे : दाखले, उतारे, छायाचित्रे, मुलाखती. चित्रपट आणि प्रोग्राम पुन्हा मिळतात. प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत झाली असे समजू नये.

प्रत होईपर्यंत डिस्कवर कोणतीही 'दुरुस्ती' चालवू नये. विंडोजचा 'चेकडिस्क' संपूर्ण पृष्ठभाग तासन्तास खरवडत राहतो आणि थकलेल्या डिस्कला तो ताण सोसवत नाही. 'फॉरमॅट करून घ्या, चालेल' हा सल्ला दुकानांतून नेहमी ऐकू येतो. फॉरमॅट करताना सर्व सेक्टरांवर नवे लेखन झाले, तर सी५ ची संख्या शून्यावर येते आणि डिस्क बरी झाल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात आतील मजकूर गेलेला असतो आणि डिस्क मात्र संशयितच राहते.

फाइली कॉपी होताना संगणक वारंवार अडकत असेल, तर लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम जाणकाराकडून वापरून घ्यावा. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर ती त्वरित बंद करावी. असा आवाज म्हणजे शीर्षाचा बिघाड असू शकतो आणि प्रत्येक वेळी सुरू करताना तबकडीची हानी वाढते. मजकूर अमोल असेल, तर यापुढचे काम मजकूर परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचे. त्याचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतो. डिस्क घरी उघडणे किंवा फ्रीजमध्ये ठेवणे असले उपाय करू नयेत.

बदलण्याचा निर्णय

डिस्क केव्हा बदलावी, याचे उत्तर आमच्या मते तिच्या आकड्यांइतकेच तिच्यावर काय आहे यावरही अवलंबून असते.

सी५ किंवा सी६ शून्याहून अधिक असेल आणि डिस्कवर शाळेचा वा कुटुंबाचा मूळ मजकूर असेल, तर त्याच आठवड्यात ती बदलावी, वाढ होते काय याची वाट पाहू नये. ०५ वाढत असेल तरीही तेच करावे. ०५ स्थिर असेल आणि बाकी सर्व शून्य असेल, तर डिस्क मुलांच्या सरावाच्या संगणकात टाकावी आणि दर महिन्याला तपासावी. केवळ सी७ वाढत असेल, तर तार बदलावी. एकही इशारा नाही, पण डिस्क पाच वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यावर महत्त्वाचा मजकूर आहे, अशा वेळी पुढच्या अंदाजपत्रकात नव्या डिस्कची तरतूद करावी. डिस्क वॉरंटीत असेल, तर बदलून मिळण्याचा प्रयत्न अवश्य करावा, पण प्रत काढल्यानंतरच. बदलून येणारी डिस्क रिकामी असते.

आज अनेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकड्यांऐवजी एसएसडी असते. ती आवाज करीत नाही आणि वेगवान असते. तिच्या तक्त्यात 'परसेंटेज यूज्ड' म्हणजे झिजेचे प्रमाण आणि 'अव्हेलेबल स्पेअर' म्हणजे शिल्लक राखीव जागा पाहावी. एसएसडी अनेकदा पूर्वसूचनेशिवाय एकाएकी बंद पडते. शिवाय झिजलेली एसएसडी किंवा पेनड्राइव्ह विजेविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवला, तर त्यातील मजकूर पुसट होण्याचा संभव असतो. दीर्घकाळ जपण्यासाठी केवळ त्यांच्यावर विसंबू नये. यूएसबीने जोडलेल्या काही बाह्य डिस्क स्मार्टचे आकडे संगणकाला दाखवीतच नाहीत. आकडे दिसत नाहीत याचा अर्थ सारे ठीक आहे, असा घेऊ नये.

प्रती किती आणि कोठे

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर मानला जातो : प्रती तीन, माध्यमे दोन आणि त्यांतील एक प्रत अन्य ठिकाणी. यांतील तिसरी अट आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. बॅकअपची डिस्क बहुधा त्याच टेबलाच्या खणात असते.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळाल्या. जुलै २०२१ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाड सावित्रीच्या पुराखाली गेले. आग आणि पूर डिस्कचे आकडे पाहून येत नाहीत आणि त्यांच्यासमोर एका इमारतीतील दहा प्रतीही एकच ठरतात. पनवेलच्या शाळेची एक प्रत नागपूर, पुणे वा छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे, तळमजल्यापेक्षा उंच जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असावी. वर्षातून एकदा ती जोडून, उघडून पाहावी.

विजेचेही तसेच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळी एकाएकी गेली होती. लेखन चालू असताना असा खंड पडला, तर अर्धी लिहिलेली फाइल बिघडते. कार्यालयाच्या संगणकाला यूपीएस असणे ही चैन नव्हे.

जुन्या डिस्कची विल्हेवाट

बदललेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यात काय आहे, याचा विचार करावा. शाळेच्या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची बँक खाती, जातीचे दाखले असतात. केवळ 'डिलीट' केल्याने ते पुसले जात नाहीत. डिस्क चालत असेल, तर संपूर्ण पृष्ठभागावर नवे लेखन करून ती पुसावी. चालत नसेल, तर तबकड्यांना आरपार भोके पाडून ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. ज्या पालकांनी विश्वासाने आपली कागदपत्रे शाळेकडे सोपविली, त्यांच्याशी आपले हे उत्तरदायित्व आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, प्रत्येक डिस्कचे आकडे वहीत लिहावेत. वीस संगणकांना एक दुपार पुरते. आठवी-नववीची मुले हे काम आनंदाने करतात आणि आकड्यांवरून अनुमान काढण्याची सवयही त्यांना त्यातून लागते. संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील तेवढ्या दोन दुपारी शाळेला द्याव्यात. दूरच्या शहरांत राहणाऱ्यांनी शाळेच्या छायाचित्रांची आणि मुलाखतींची एक प्रत आपल्या घरी सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी. खासगी कागदपत्रे असलेली प्रत मात्र संस्थेच्या लेखी अनुमतीने आणि सांकेतिक कुलूप लावूनच बाहेर जावी.

पालकांनीही या आठवड्यात आपल्या घरातील उतारे आणि दाखले काढून पाहावेत. ते किती ठिकाणी आहेत, हे मोजावे. उत्तर 'एक' असे आले, तर इशाऱ्याची वाट न पाहता आजच दुसरी प्रत काढून ती भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवायला द्यावी.